रविवार नसलेलं वर्ष

प्रेसमध्ये त्याला सगळे बाइंडर म्हणत. वयाच्या सतराव्या वर्षी तो त्या छापखान्यात शिरला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मुख्यतः एकच काम करत राहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरची बारा पानं लावायची, गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करायचा, डोक्याला पत्र्याची पट्टी दाबून बसवायची आणि मधोमध अडकवायची कडी ओवायची. ऑगस्ट लागला की डिसेंबरपर्यंत मान वर करायला फुरसत नसे. पुढचं वर्ष सगळ्यांच्या आधी याच्या हातात येतं, यावरून मशीनमन त्याची थट्टा करी. म्हणे, आमचं कसं जाणार आहे तेही जरा बघून ठेव. बाइंडर हसून सोडून द्यायचा. त्याला पानांच्या फक्त कडा दिसत. आकडे त्याने कधी वाचलेच नव्हते.

घरी दोघंच, तो आणि ताई. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील आधीच गेलेले, आणि आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. ताईची पदवी नुकतीच हातात आली होती आणि दूरच्या शहरातल्या विद्यापीठातून तिला पत्रही आलं होतं, भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाल्याचं. ती गेली नाही. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली ती थेट निवृत्तीपर्यंत. भाऊ नववीत दोनदा नापास झाला तेव्हा तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या प्रेसमध्ये छापल्या जात तिथे त्याला चिकटवून दिलं. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याचं एकदा जमता जमता राहिलं, आणि तिला कोणी विचारलंच नाही, किंवा विचारलं असेल तर तिने घरी सांगितलं नाही.

ते पत्र त्याने चौदा वर्षांचा असताना तिच्या ट्रंकेत पाहिलं होतं. वाचलं आणि होतं तसं ठेवून दिलं. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. पण तापात ताईने कपाळावर हात ठेवला, किंवा स्वतःच्या पानातलं त्याच्या पानात सरकवलं, की ते पत्र त्याच्या डोळ्यांपुढे यायचं.

ताईला दगडांचा नाद होता. रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगरातून, नदीच्या पात्रातून, शाळेच्या सहलींतून तिने दगड गोळा केले होते. खिडकीखालच्या लाकडी खोक्यात प्रत्येक दगड वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला असे आणि त्यावर तिच्या बारीक अक्षरात त्याचं वय लिहिलेलं. घरात पाहुणा आला तर ती चहाच्या आधी दगड दाखवायची, म्हणून पाहुणेही बेताचेच येत.

ती सदुसष्ट वर्षांची असताना तिला कोरडा खोकला लागला आणि तो जाईना. डिसेंबरात मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, आणि घट्ट झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. किती दिवस, असं ताईने सरळच विचारलं. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, वर्षभर धरून चला. जिना उतरताना ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा पायरीवरच बसली आणि दम खात म्हणाली, "म्हणजे एक कॅलेंडर."

 बाइंडर तिची पिशवी या हातातून त्या हातात करत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला एक कॅलेंडर आणायला सांगितलं, मोठ्या चौकोनांचं, ज्यात लिहिता येईल असं. त्याने खराब मालातून एक काढलं. त्या वर्षी एका गठ्ठ्यावर लाल शाई चढलीच नव्हती. काळे आकडे छापले गेले, पण लाल रंगात यायचे ते रविवार आणि सुट्ट्या कोऱ्याच राहिल्या होत्या. ताईने पानं उलटून पाहिली आणि तिला हसू आलं. म्हणाली, हेच बरं आहे, पृथ्वीला कुठे रविवार होते.

मग तिने बेत सांगितला. आठवीच्या मुलींना ती दर वर्षी एक धडा शिकवायची. पृथ्वीचं सगळं वय, चारशे साठ कोटी वर्षं, एका वर्षात बसवायचं. एक जानेवारीला पृथ्वी जन्मली असं धरायचं आणि आजचा क्षण म्हणजे एकतीस डिसेंबरची मध्यरात्र. माणूस त्यात शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात येतो, असं सांगितलं की मुली तोंडाचा आ करून बघत राहायच्या. पण तास चाळीस मिनिटांचा. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंतचे महिने ती दोन वाक्यांत उरकायची, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. ते तिला चौतीस वर्षं सलत आलं होतं. आता एकदा तरी तो धडा त्याच्या खऱ्या चालीने घ्यायचा होता, दिवसाला दिवस.

"एक दिवस म्हणजे सव्वा कोटी वर्षं," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही. माझा हात थरथरतो."

एक जानेवारीपासून ते सुरू झालं. प्रेसमधून आला की हातपाय धुऊन बाइंडर पेन्सिल घेऊन तिच्या खाटेशी बसायचा. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, आग. पहिल्याच आठवड्यात चंद्र झाला. महिनाअखेरीपर्यंत वाफ थंड होऊन पाणी साचलं होतं. त्याला गंमत वाटू लागली. आज काय होणार, असं तो दारातूनच विचारायचा. आणि मग फेब्रुवारी लागला तसं रोज एकच उत्तर यायला लागलं. काही नाही. तो कंटाळून म्हणाला, मग चौकोन रिकामा ठेवू. ताईने मान हलवली. काही झालं नाही तरी दिवस गेलाच ना, म्हणाली, लिही. त्याने लिहिलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही. मार्चअखेर समुद्रात जीव आला, पण डोळ्याला न दिसणारा, आणि त्यानंतर एप्रिल आणि मे सरले तरी त्या जिवाचं पुढे काहीच होईना.

त्याच काळात ताईच्या खाटेशी हवेतून प्राणवायू गोळा करणारं मशीन आलं. दिवसभर त्याची घरघर चाले आणि नाकातल्या नळीमुळे तिच्या गालांवर वळ उमटले. न्हाणीघरापर्यंत जाताना बाइंडर नळी हातात धरून मागे चालायचा. जून संपत आला तेव्हा तिने सांगितलं, लिही, हवेत प्राणवायू आला. मग ती हसायला गेली आणि खोकल्याने बेजार झाली. खोकला थांबल्यावर म्हणाली की तेव्हा जे जिवंत होते त्यांच्यातल्या बहुतेकांना तो विषासारखा लागला. तो चौकोन त्याने जरा ठळक लिहिला.

ऑगस्ट लागला आणि प्रेसमध्ये कॅलेंडरचं काम आलंच नाही. मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं की तारीख बघायला आता कोणी भिंतीकडे जात नाही, सगळे खिशातून फोन काढतात. तो वाईट माणूस नव्हता. सांगताना टेबलावरच्या शाईच्या डागावर बोट घासत राहिला. सप्टेंबरात छपाईचं मशीन भंगारात विकलं. ट्रक यायच्या दिवशी मशीनमनने सवयीने तेलाची बुधली घेतली आणि एकेका सांध्याला तेल दिलं. कोणीतरी म्हणालं, आता कशाला. तो चिंध्यांनी तेल पुसत राहिला. बाइंडरने स्वतःचा पट्टी दाबायचा हातोडा घरी आणला आणि ओट्याखाली ठेवला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पुढचं वर्ष त्याच्या हातात आलं नव्हतं.

आता तो दिवसभर घरी असायचा. ताईचं बोलणं आटत चाललं होतं. एक वाक्य म्हणजे जिना चढण्यासारखं झालं होतं. मऊ भात चार चमचे जायचा, पुढे तोही नको व्हायचा. अशाच एका दुपारी, तिचे पाय चेपता चेपता, त्याच्या तोंडून ते निघून गेलं. पत्र मी बघितलं होतं, तो म्हणाला, विद्यापीठाचं.

ताई छताकडे बघत राहिली. मशीनची घरघर चालू होती.

"तू माझ्यामुळे राहिलीस ना?" त्याने विचारलं.

"हो."

त्याला वाटलं ती पुढे काहीतरी बोलेल. माणसं अशा वेळी बोलतात तसं, की त्यात काय एवढं, किंवा तूच माझं सगळं. तिने दोनदा श्वास घेतला.

"पुष्कळदा पस्तावले," ती म्हणाली. "तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला आता दम नाही, धाकट्या."

तो पाय चेपत राहिला. हात थांबवले तर काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, आजचं लिहिलंस का. त्याने उठून लिहिलं, काही नाही. पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून ते चाकूने तासत तो बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. तिने रागाने म्हटलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. दगडाचं वय सांगावं तसं सांगितलं होतं. म्हणूनच त्यावर काही करता येत नव्हतं. रागावली असती तर माफी तरी मागता आली असती.

त्यानंतर दोघांत अबोला झाला असं नाही. उलट ती जरा मोकळी झाली. तिला नोव्हेंबरपर्यंत पोचायचं होतं. वीस तारखेच्या आसपास समुद्रात पहिल्यांदा डोळे असलेले प्राणी येतात, असं तिने सांगितलं. त्याआधी इतकी कोटी वर्षं उजाडत होतं आणि मावळत होतं, पण ते कोणी बघितलंच नव्हतं. "तेवढं बघून जाईन," ती म्हणायची. तिच्या खोक्यात तसा एक दगड होता, काळपट, त्यात किड्यासारख्या प्राण्याचा ठसा, आणि डोळ्यांच्या जागी दोन उंचवटे. तो तिने काढून घेतला आणि उशीशी ठेवला.

तारखा मोजायचं काम बाइंडर आता मन लावून करी. ऑक्टोबर लागला तेव्हा पन्नास दिवस उरले होते. डॉक्टर घरी येऊन गेले आणि जिन्यात त्याला म्हणाले की आता मशीनचाही फारसा उपयोग नाही. त्याने विचारलं, वीस नोव्हेंबरपर्यंत? डॉक्टरांना वाटलं घरात काही कार्य असेल. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते उतरून गेले.

नऊ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, नळ चालू राहिलाय का बघ. बाइंडर उठून बघून आला. नळ बंद होता. मोरीही कोरडी होती. तो परत आला तेव्हा मशीन तसंच घरघरत होतं आणि ताई संपली होती. तरीही बंद आहे, असं त्याने तिला सांगितलं. मग नळी काढली, गालावरचे वळ अंगठ्याने चोळले, ते जाईनात. मशीनचं बटण बंद केल्यावर घरात जी शांतता झाली ती त्याला सहन होईना, म्हणून त्याने ते पुन्हा सुरू केलं आणि शेजारचे येईपर्यंत चालू ठेवलं.

संध्याकाळी सगळं उरकून आल्यावर त्याने त्या दिवसाच्या चौकोनासमोर पेन्सिल धरली. ताईचं लिहावं असं त्याला वाटलं. पण ते कॅलेंडर ताईचं नव्हतं, पृथ्वीचं होतं. त्याने लिहिलं, काही नाही, आणि लिहून झाल्यावर भिंतीला कपाळ टेकून रडला.

आठ-दहा दिवसांनी तो दगडांचं खोकं घेऊन शाळेत गेला. खोकं जड होतं, दोनदा रस्त्यात टेकवावं लागलं. नव्या मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी त्याला बसवलं, ताईबद्दल चांगलं बोलल्या, आपण तिच्याच हाताखाली शिकलो असंही म्हणाल्या. पण प्रयोगशाळेची जागा आता संगणकांना दिली होती आणि दगड ठेवायला कपाटच नव्हतं. तो धडा मात्र अजून शिकवतो, असं त्यांनी त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि टेबलावरच्या पडद्यावर एक फिल्म लावली. पृथ्वीचं वर्ष दोन मिनिटांत. जानेवारीत लाव्हा उसळला, लगेच समुद्र झाला, महिन्यांची पानं वाऱ्याने उडावीत तशी फडफडत गेली आणि वाजतगाजत डिसेंबर आला. मग मोठमोठे प्राणी डरकाळ्या फोडत धावले, आकाशातून आग पडली, आणि माणूस दोन पायांवर उभा राहिला.

बाइंडर पानं मोजत होता. मार्च ते ऑक्टोबर पाच सेकंदांत गेले होते.

"यात रिकामे दिवस नाहीत," तो म्हणाला.

"मुली कंटाळतात हो," त्या म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं.

त्याने खोकं परत उचललं. येताना तीनदा टेकवावं लागलं.

तो रोज लिहीत राहिला. ताईच्या वहीत पुढचं सगळं तारीखवार लिहून ठेवलेलं होतं, त्यात बघून तो चौकोन भरी. वीस नोव्हेंबरला त्याने लिहिलं, डोळे. उशीशी ठेवलेला तो काळपट दगड हातात घेऊन खिडकीत नेला आणि उजेडात तिरका धरून पाहिला. त्याला काहीतरी व्हायला हवं होतं. ताई असती तर तिने दहा गोष्टी सांगितल्या असत्या. त्याला एक किडा दिसला, मेलेला. त्यानंतर चौकोन भराभर भरायला लागले. जमिनीवर झाडं आली, मासे आले, पाय फुटलेले प्राणी पाण्याबाहेर आले. एकेका दिवशी इतकं काही होई की चौकोनात मावत नसे. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते आता धो धो येत होतं आणि ऐकवायला घरात कोणी नव्हतं.

बारा डिसेंबरला वहीत होतं, जवळजवळ सगळं मेलं, कारण नक्की नाही. त्याने ते जसंच्या तसं उतरवलं.

त्या दिवशी त्याने वहीच्या मागच्या पानावर एक हिशेबही मांडला. सेकंदाला जवळजवळ दीडशे वर्षं पडतात, हे ताईने लिहून ठेवलं होतं. म्हणजे ताईची सदुसष्ट वर्षं अर्धा सेकंदही भरत नव्हती. तिचं राहणं, तिचं पस्तावणं, नववीतला तो धपाटा, सगळं त्या अर्ध्या सेकंदात. त्याला वाटलं होतं, इतकं बारीक झाल्यावर ते दुखायचं थांबेल. आकडा त्याने पुन्हा तपासला. आकडा बरोबर होता आणि दुखत होतं तेवढंच दुखत होतं.

मग त्याने लिहिणं सोडलं. ठरवून असं नाही. तेरा तारखेला घरमालकाचा माणूस आला. वरच्या दोन खोल्या एकत्र करून भाड्याने द्यायच्या होत्या, आणि एकट्या माणसाला तेवढी जागा लागतेच कुठे, असं त्याचं म्हणणं पडलं. बाइंडरने हुज्जत घातली नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात मशीनमनने शब्द टाकून त्याला लावून घेतलं होतं. तिथूनच दहा मिनिटांवर एक खोली मिळाली, वरून पत्रा, एक खिडकी. सामान हलवण्यात तीन दिवस गेले. दगडांचं खोकं नव्या खोलीत बसेना. शेवटी त्याने दगडांवरचे कागद काढले आणि ते जुन्या घराच्या मागे, भिंतीच्या कडेला, एकेक करून ठेवून दिले. काळपट दगडही त्यांतच ठेवला. कागद काढल्यावर ते कुठल्याही दगडांसारखे दिसत होते. गडबडीत कॅलेंडर भिंतीवरच राहिलं. ते आठवलं तेव्हा तो परत गेला, पण रंगारी आले होते आणि भिंत अर्धी पांढरी झाली होती. त्याने विचारलंही नाही.

कारखान्यात काम उभ्याने होतं. पुठ्ठ्याला घडी घालायची, कडेला डिंक लावायचा, दाबून धरायचं, पुढे सरकवायचं. त्याचे हात कामाला तयार होते, चार दिवसांत त्याने बाकीच्यांना गाठलं. शेजारी एक बडबड्या माणूस असे. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, घरी कोण कोण. कोणी नाही, बहीण होती, असं बाइंडरने सांगितलं. ती काय करायची, तर शिक्षिका. कशाची?

"दगडांची," बाइंडर म्हणाला.

तो माणूस हसला, म्हणाला दगडांना शिकवून काय उपयोग, आणि बाइंडरलाही हसू आलं. हसता हसता त्याला एकदम श्वास पुरेना. तो उठून नळाशी गेला, तोंडावर पाणी मारलं आणि ओणवा होऊन तिथेच उभा राहिला. आतून भोंगा झाला तेव्हा त्याने शर्टाने तोंड पुसलं आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

एकतीस डिसेंबरला त्याची सकाळची पाळी होती. घरी आल्यावर त्याने भात टाकला, जेवला, आणि अंधार पडला तसा झोपला. दुसऱ्या दिवशी कारखाना चालू होता.